कपाटासह येत आहोत

आदरणीय विहीणबाई,

आपल्या व्याह्याचा कमरेत वाकून नमस्कार. (मला अजून वाकता येतं, हे आपल्या गुडघ्याला ऐकवण्याचा हेतू नाही. वाकल्यावर सरळ व्हायला मलाही भिंत लागते.) नवा गुडघा अंगवळणी पडला का? जिना उतरताना तक्रार करतो, की आता आपल्यासारखाच मऊ बोलायला शिकला? आपण जन्मभर टेलिफोनच्या कचेरीत बसून लोकांना ‘कृपया थांबा’ म्हणत आलात आणि लोक मुकाट थांबले, कारण तो आवाज ऐकल्यावर घाई करणं कुणाला शोभलंच नसतं. तेच शब्द डॉक्टरांनी आपल्याला ऐकवले तेव्हा आपण त्यांना काय उत्तर दिलंत, ते जावईबापूंनी जहाजावरून फोन करून मला सांगितलं आहे. मी कुठे बोलणार नाही. आमच्याकडे सगळं खुशाल आहे. खुशाल म्हणजे घर उभं आहे, भिंती जागच्या जागी आहेत, फक्त फर्निचर जागेवर नाही, आणि त्याबद्दलच चार ओळी लिहायला बसलो आहे.

आपलं काय ठरलं होतं ते मला चांगलं आठवतं. माझ्या मुलीला, म्हणजे आपल्या सूनबाईला, दुसऱ्या बाळाच्या वेळी डॉक्टरांनी पलंगावरून हलायचं नाही असं बजावून दवाखान्यातच ठेवून घेतलं. जावईबापू समुद्रावर. आपला गुडघा नुकताच कापलेला. तेव्हा त्यांच्या थोरल्या पोरीला, आपल्या नातीला, सांभाळायला उरलं कोण, तर मी. आपण हिंडूफिरू लागलात की तिनं उरलेले दिवस आपल्याकडे राहायचं, कारण आपल्या घराशेजारी बाग आहे, आणि आपण वयानं नसलात तरी अकलेनं माझ्यापेक्षा मोठ्या आहात, असं फोनवर ठरलं. (ही अकलेची गोष्ट आपणच काढली होती, मी फक्त हो म्हटलं.) येत्या रविवारी तिला घेऊन येतो. दिलेला शब्द दिला. पण मी सारा जन्म लोकांचं सामान या घरातून त्या घरात पोचवलेला माणूस. सामान उतरवताना घरधन्याला चार गोष्टी सांगायची आमच्यात पद्धत आहे: कुठून धरायचं, कुठून धरायचं नाही, काय तिरकं झालं तरी चालेल आणि काय अजिबात चालणार नाही. तेवढंच सांगतो आणि पत्र आटोपतो.

तिला ठिणगी हे नाव आपणच ठेवलंत, तिनं आपल्या काचेच्या जिराफाची मान मोडली त्या दिवशी. तेव्हा मला ते लागलं होतं. आता म्हणतो, नाव जरा सौम्यच पडलं. माझ्याकडे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी पावाचा तुकडा चौकोनी कापला, तिला त्रिकोणी हवा होता. मी म्हटलं यात काय मोठंसं, चौकोन मधून कापला आणि दोन त्रिकोण तिच्यापुढे ठेवले. तिला एकच हवा होता. एक मी खाऊन टाकला. तिला तोच हवा होता. मग विहीणबाई, तिचे कान लाल झाले, मुठी वळल्या, आणि तिनं असं काही घर डोक्यावर घेतलं की कपाटावरची बॅग आपण होऊन खाली आली. (त्या सकाळी दवाखान्यातून फोन आला होता की आईला घरी सोडायला अजून पुष्कळ अवकाश आहे. पण तिचं नि माझं जे भांडण चाललं होतं ते त्रिकोणावरून होतं. आईचं नाव दोघांनीही काढलं नाही.)

मी काय काय करून पाहिलं नाही? डोक्यावर चाळणी घालून विदूषक झालो. तिनं चाळणी भिरकावली. कधीही न रागावणाऱ्या अस्वलाची गोष्ट रचून सांगितली, तर मध्येच तिनं विचारलं की अस्वलाची आई दवाखान्यात होती का. मी अस्वलाला घाईघाईनं झोपवून टाकलं. खोलीत एकटी बसवून पाहिली, तेव्हा ती आत रडली आणि मी दाराबाहेर. शेवटी आपल्याला फोन केला. आपण सांगितलंत की तिला दीर्घ श्वास घ्यायला लावा. लावला. इतकी आज्ञाधारक पोर मी पाहिली नाही. डोळे मिटून, छाती फुगवून, तिनं आपण सांगितलात तसा पोटापर्यंत श्वास घेतला, आणि मग तो सगळाच्या सगळा ओरडण्यात खर्च केला. आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई राहतात, त्या घरी केक करून विकतात. त्या दिवशी त्यांचा भट्टीतला केक मधोमध बसला. त्यांनी तो वर आणून मला दाखवला. मी हळहळलो. त्यांना हळहळ नको होती.

आता कपाटाची गोष्ट. आपण आमच्याकडे आला होतात तेव्हा दिवाणखान्यात एक लाकडी कपाट पाहिलं असेल. ‘हे आत कसं आणलं?’ असं आपण विचारलं होतंत. तेच. हे मी एका गिऱ्हाइकाकडून घेतलं, कारण त्याच्या नव्या घराच्या दारातून ते जाईना आणि माझ्या दारातून मी ते घालून दाखवलं. एके दिवशी ठिणगीचा एक बूट त्या कपाटाखाली गेला. शाळेची वेळ झाली होती, बाईसाहेब दुसरा बूट हातात घेऊन थयथयाट करत होत्या, मी कपाटामागच्या फटीत शिरून सामान हलवायचा पट्टा अडकवत होतो. तेवढ्यात तिच्या दोन्ही मुठी माझ्यावर म्हणून आल्या आणि कपाटावर आदळल्या. आणि माझ्या तोंडून, काही विचार न करता, निव्वळ सवयीनं आरोळी गेली: ‘लावा जोर!’ आयुष्यात कपाटाला कुणाचा हात लागला की मी हेच ओरडत आलो आहे. विहीणबाई, तिनं जोर लावला. मुठी उघडल्या, तळवे टेकले, डोकं खाली घातलं, पाय रोवले आणि पोरीनं ते कपाट ढकललं. कपाट हललं! कुरकुरत, रडतखडत, पण दिवाणखान्याच्या या टोकापासून खिडकीपर्यंत गेलं. ती घामाघूम. मग ती खाली बसली, पाणी मागितलं, ते सगळं प्यायली, आणि अगदी साध्या आवाजात, जणू शाळेला सुट्टी कधी आहे विचारावं तसं विचारलं, ‘आजोबा, आई घरी आली नाही तर?’

इतक्या दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदा तिच्या तोंडून आला. त्रिकोणाच्या खाली, बुटाच्या खाली, सगळ्याच्या खाली तो होता, आणि वरचं सगळं हलवल्याशिवाय तो निघत नव्हता. मी तिला मांडीवर घेतलं. काय सांगितलं ते आता आठवत नाही, काहीतरी बरंच लांबण लावलं असणार. शाळा बुडाली. बूट सापडला.

मला हे आधी सुचायला हवं होतं, कारण आमच्या धंद्यात रागीट माणूस टिकतो तसा कुठेच टिकत नाही. घरी भांडून आलेला माणूस सकाळी लोखंडी तिजोरीला खांदा लावतो आणि दुपारी आपला डबा दुसऱ्यापुढे सरकवतो, हे मी रोज पाहिलं आहे. आणि माझं स्वतःचं सांगायचं तर आपल्या विहीणबाई, म्हणजे माझी बायको, गेली तेव्हा मी रडलो नाही अशी सगळ्यांनी तारीफ केली होती. आपण मात्र दाराशी येताच म्हणाला होतात, ‘व्याही, घरातलं सामान सगळं उलटंपालटं का दिसतंय?’ मी म्हटलं, झाडलोट करतोय. आपण पुढे काही विचारलं नाहीत. बसायला जागा नव्हती, तरी आपण उभ्याउभ्या चहा घेतलात. ते मी विसरलेलो नाही.

तर तेव्हापासून आमच्याकडे राग आला की कपाट. ही पद्धत रामबाण आहे, पण तिच्यात एक खोट आहे, ती अशी की कपाट जिथे थांबेल तिथे राहतं. सोमवारी ते दिवाणखान्यात होतं, मंगळवारी स्वयंपाकघराच्या दारात. (बुधवारी आम्ही चहा खिडकीतून घेतला.) ठिणगीला पुढे पुढे कपाट पुरेना म्हणून खुर्च्या, टेबल, धान्याचा डबा, सगळंच फिरतीवर निघालं. मी अंधारात जिथे खुर्ची असते तिथे बसलो, आणि खुर्ची नव्हती. विजेचं मीटर बघायला येणारा गृहस्थ दर वेळी आपण चुकीच्या घरात आलो असं समजून परत जातो. इकडे ढकलण्याखेरीज आणखीही प्रकार सुरू झाले. कंटाळा आला की उड्या. भीती वाटली की गादीची वळकटी करून तिच्यात स्वतःला गुंडाळून घ्यायचं आणि मला वरून दाबायला सांगायचं, नाजूक सामान बांधतात तसं. नुसतीच उदास असली की माझ्या पावलांवर पावलं ठेवून घरभर चालायचं. कुठल्या दुखण्याला कुठली मेहनत, हे तिचं तिनंच ठरवलं. मी फक्त पावलं पुरवतो.

खालच्या केकवाल्या बाई अर्थातच पुन्हा वर आल्या. या वेळी रिकाम्या हातानं, आणि त्या हाताचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं इतक्या त्या संतापल्या होत्या. लग्नाचा केक होता म्हणे. मी माफी मागायला तोंड उघडणार तोच ठिणगीनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, ‘काकू, तुमचे कान लाल झालेत. या, ढकला.’ मला वाटलं आता आपल्याला घर सोडावं लागणार. पण बाईंनी पदर खोचला. ठिणगी एका कोपऱ्याला, त्या दुसऱ्या कोपऱ्याला (मी कपाटाच्या पलीकडे होतो, त्याचं पुढे सांगतो), आणि असं काही ढकललं दोघींनी, की मी भिंत नि कपाट यांच्यामध्ये चपटा होता होता वाचलो. मग त्या बाई जमिनीवर बसल्या आणि पोटभर रडल्या. त्यांची मुलगी परदेशी गेली आहे आणि फोन करत नाही. त्यातला केकचा भाग थोडासाच होता. आता त्या भट्टी लावायच्या आधी खालून छताला झाडूच्या दांड्यानं टकटक करतात, म्हणजे आम्ही तेवढा वेळ शांतपणे रागवायचं.

आता धरायचं कुठून ते सांगतो, हे मात्र नीट वाचा. आमच्या धंद्यात एक शब्द आहे, ‘टेकव’. जिन्यात चौघांनी पियानो धरलेला असतो, आणि चौघांतल्या एकाचा हात सुटायला आला तर त्यानं फक्त ‘टेकव’ म्हणायचं. की बाकीच्या तिघांनी त्या क्षणी सामान खाली टेकवायचं. मग तो कालचा नवा पोरगा असो की मालक. का म्हणून विचारायचं नाही, हसायचं नाही, दम लागला का असं चिडवायचं नाही. ज्यानं एकदा ‘का रे?’ म्हटलं त्याला मी दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं नाही, कारण ज्याला कारण द्यावं लागतं तो माणूस पुढच्या वेळी बोलत नाही, आणि मग पियानो कुणाच्या तरी पायावर येतो. हे मला पुरतं पाठ होतं, पण पोरीच्या बाबतीत मी दिवसभर तिच्या मागे ‘का रडतेस, का रडतेस’ करत फिरत होतो. एकदा फोनवर आपण म्हणालात, ‘व्याही, तिला का विचारू नका. तिला माहीत असतं तर ती रडली असती का?’ माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला तो तेव्हा. श्वासाच्या उपायाबद्दल मी वर जे काही लिहिलं आहे ते या एका वाक्यापायी मागे घेतो. त्याच दिवशी मी तिला ‘टेकव’ शिकवला. राग हातातून सुटायला लागला की म्हणायचं. म्हटलं की मी हातातलं काम सोडणार आणि काही विचारणार नाही. पहिल्या दिवशी तिनं तो शब्द पाढा म्हणावा तसा म्हटला. मी दर वेळी हातातलं खाली ठेवलं. एकदा त्यात चहा होता.

आणि आता दवाखान्याचं. हे आपल्या कानावर दुसरीकडून येण्याआधी माझ्याकडून गेलेलं बरं. तिथे लहान मुलांना आत सोडत नाहीत. नियम आहे, आणि चांगल्यासाठी आहे, माझी तक्रार नाही. मी वर जायचो तेव्हा ठिणगी खाली जिन्याशी दारवानाजवळ बसायची. गेल्या आठवड्यात तिनं दारवानाला फक्त पाहून येते म्हणून विचारलं, तो नाही म्हणाला. तिचे कान लाल होताना मला दिसले. पण तिनं आरडाओरडा केला नाही, लाथ मारली नाही. शहाण्या मुलीसारखं, शिकवलं होतं तेच केलं. छाती फुगवून (श्वास आपला), साऱ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं ओरडली, ‘टेकव!’

आता योगायोग पाहा. त्याच वेळी वरच्या वळणावरून चार माणसं औषधांचं भलंमोठं लोखंडी कपाट खाली आणत होती. त्यातले दोघे माझ्या हाताखाली तयार झालेले. शब्द कानावर पडायचा अवकाश, कपाट धाडदिशी जिन्यात आडवं टेकलं आणि चौघे कमरेवर हात ठेवून उभे राहिले. कपाटाच्या वरच्या बाजूला कोण अडकलं, तर मुलीचे मोठे डॉक्टर. खालच्या बाजूला आम्ही. डॉक्टर वरून विचारतात, का थांबलात? आमचा म्हातारा गडी अत्यंत नम्रपणे सांगतो, ‘टेकव म्हटल्यावर का विचारायचं नसतं, साहेब.’ कुणाचा हात दुखतोय म्हणून चौघे एकमेकांकडे बघत होते. तेवढ्यात कपाटाच्या पायाखालून एक बारीक आवाज आला, ‘माझा.’

डॉक्टर माणूस मोठा चांगला. कपाटावरून वाकून त्यांनी तिला विचारलं, काय झालं. ती म्हणाली, आईला दाखवायचंय मी किती जोरात ढकलते. ते म्हणाले, आत तर नाही येता यायचं. मग जरा विचार करून म्हणाले, खाली अंगण आहे, तुझ्या आईचा पलंग खिडकीशी नेता आला तर तिला वरून दिसेल. पण पलंगाचं एक चाक जाम झालं आहे, आणि तिला धक्का बसता कामा नये. असं म्हणून त्यांनी त्या चौघांकडे पाहिलं. त्या चौघांनी माझ्याकडे पाहिलं.

विहीणबाई, मी जन्मात पुष्कळ सामान हलवलं. आरसे हलवले, पियानो हलवले, एका म्हातारीचा पोपट पिंजऱ्यासकट न उठवता चौथ्या मजल्यावर नेला. पण असं ओझं मी कधी उचललं नव्हतं. आम्हाला टोप्या घातल्या, पायांत पिशव्या बांधल्या, हात धुवून घेतले. उशाशी पाण्याचा पेला होता तो मी काढू दिला नाही, म्हटलं राहू दे, तोच आपल्याला सांगेल. मुलगी माझ्याकडे बघत होती. लहानपणी ती माझ्या ढकलगाडीवर बसायची तेव्हा अशीच बघायची, बाबा पाडणार नाहीत अशा खात्रीनं. मी हळूच ‘उचल’ म्हटलं. पेल्यातल्या पाण्यावर सुरकुतीसुद्धा उमटली नाही. जिला हलायला बंदी होती तिला आम्ही न हलवता खिडकीशी नेलं.

मग मी धावत खाली गेलो, मागोमाग ते चौघेही. अंगणात ठिणगी दवाखान्याच्या भिंतीला दोन्ही तळवे लावून, डोकं खाली घालून, पाय रोवून उभी होती. वर खिडकीत तिची आई. पोरीनं जोर लावला. अख्खी इमारत ढकलायला काढली तिनं! आणि माझ्या मुलीनं वर काय केलं असेल? दोन्ही हातांनी खिडकीची कड घट्ट धरली, डोळे मोठे केले आणि इमारत हलल्यासारखी मान डोलवली. पोरीनं वर पाहिलं आणि पुन्हा ढकललं. आईनं पुन्हा मान डोलवली. दोघी हसत होत्या. विहीणबाई, मुलगी दवाखान्यात गेल्यापासून तिला हसताना मी पाहिलंच नव्हतं. रोज जायचो, फळं कापायचो, घरी सगळं ठीक आहे म्हणायचो, आणि घरी येऊन पोरीला म्हणायचो की दवाखान्यात सगळं ठीक आहे. दोन्हीकडे ठीक वाहून वाहून माझे खांदे भरून आले होते हे मला त्या अंगणात कळलं. तेवढ्यात ठिणगी भिंत सोडून माझ्यापाशी आली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘आजोबा, टेकव.’

मी फुलझाडांच्या कठड्यावर बसलो आणि रडलो. भर दुपारी, चार हमाल आणि एक दारवान यांच्यादेखत. तिनं का ते विचारलं नाही. माझ्या मागे जाऊन पाठीला दोन्ही तळवे लावून उभी राहिली, उतारावर कपाट घसरू नये म्हणून मागे एक माणूस उभा राहतो तशी.

असो. सामानाची माहिती संपली. रविवारी सकाळी निघतो. डॉक्टर म्हणतात, मुलीची तब्येत आता धरून आहे, बाळही वाढतं आहे, फक्त धीर धरायचा. गुडघ्याची काळजी घ्या. माझी मुळीच चिंता करू नका, मी मजेत आहे. घर एवढं मोठं, ठिणगी गेली की मनासारखं आवरून टाकीन, खुर्ची जिथे असेल तिथेच बसेल आणि तिथेच राहील. मला काही हवं आहे असं अजिबात नाही.

आपला आज्ञाधारक,
व्याही

ता. क. एक सांगायचं राहिलं. काचेच्या प्राण्यांचं आपलं कपाट आतल्या खोलीत हलवावं लागेल. आपण हात लावू नका, मी येऊन हलवतो. जिराफाच्या जागी दुसरा जिराफ आणतो आहे, लाकडी.

आणखी एक ता. क. ठिणगी म्हणते की कपाट बरोबर घेतल्याशिवाय ती येणार नाही, तेव्हा कपाट येत आहे. आता कपाट आलं की एक अडचण आहे. ती फक्त आपल्याला सांगतो, पोरीला कळू देऊ नका. ते कपाट एवढ्याशा मुलीला हलणं शक्य नाही. पहिल्या दिवशी मी मागून पट्टा ओढला म्हणून ते हललं, आणि तेव्हापासून दर वेळी मीच पलीकडून ओढतो. ओढायचं तंत्र आहे. फार ओढलं तर तिचा राग आत राहतो, कमी ओढलं तर ती हिरमुसते. आपल्या गुडघ्यानं हे जमायचं नाही, आणि भाड्याच्या माणसाला तिच्या रागाचं माप कळायचं नाही. तेव्हा पलीकडे उभं राहायला माहितगार माणूस लागेल. मी कुणाचं नाव सुचवत नाही. असा माणूस कमी जेवतो, सकाळी लवकर उठतो, कपाटामागेसुद्धा झोपू शकतो आणि आपल्या काचेच्या प्राण्यांना बोटही लावणार नाही, एवढं मात्र मी खात्रीनं सांगतो.

शेवटची ता. क. पत्र बंद करत होतो तोच ठिणगीनं ते वाचून दाखवायला लावलं. वरची ता. क. मी शिताफीनं गाळली. ती म्हणाली, ‘आणि तू मागून ओढतोस ते नाही लिहिलंस?’ तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. कपाटाखालून माझे बूट दिसतात, आणि मी हलकासा कण्हतो म्हणे. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, ‘दवाखान्यातून आलास की तुझा चेहरा तसा होतो. मग मी मुद्दाम रागावते. ओढल्यावर तुला बरं वाटतं ना.’

मी मघाशी मजेत आहे असं लिहिलं, ते खोडायला पत्रात जागा राहिलेली नाही. विहीणबाई, एकेरीत म्हणतो आहे, रागावू नका, आमचा शब्दच तसा आहे: टेकव.